टाकीची वही

कालपासून टाकीची वही माझ्याकडे आलीये. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पाण्याचे थेंब पडून पडून पानं फुगलेली, आणि सोबत क्लोरोस्कोपचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचा डबा आणि टाकीच्या कुलुपाची किल्ली. आमच्या सोसायटीत दर महिन्याला एका घराकडे ही वही जाते, त्या घरातल्या कोणीतरी रोज सकाळी चार ठिकाणचं पाणी तपासून त्यात आकडे लिहायचे, एवढंच काम. ४२ घरं आहेत त्यामुळे साडेतीन वर्षांतून एकदा पाळी. कोथरूडच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, अगं हे तुम्ही का करायचं, पाणी तर शुद्ध होऊनच येतं ना. तिला फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला आणि मग वाटलं की हे नीट लिहूनच ठेवावं.

आम्ही धायरीत राहतो. २०१७ मध्ये जी ११ गावं पुणे महापालिकेत आली त्यात धायरी होती, आणि मग २०२१ मध्ये आणखी २३ आली त्यात शेजारची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे ही सगळी. म्हणजे पुण्याला पाणी पाजणारं धरण इथून गाडीवर पंधरा-वीस मिनिटांवर, रविवारी लोक लांबून लांबून तिथे कणीस खायला येतात, आणि इथल्या बिल्डिंगांच्या गेटवर सकाळी टँकर उभे. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इकडच्या माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. आम्हाला लाइनचं पाणी येतं पण पुरत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, मग १० हजार लिटरचा टँकर मागवायचा, दोन्ही पाणी एकाच अंडरग्राउंड टाकीत पडणार आणि तिथून मोटरने वर. वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं आणि त्या टाकीच्या आत काय आहे हे आमच्यापैकी एकानेही बघितलेलं नव्हतं. मी स्वतः त्या झाकणावर रोज स्कूटी लावायचे.

मग २०२५ चा जानेवारी आला. ज्यांनी तो महिना सिंहगड रोडवर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, हा शब्द आधी कोणी ऐकला नव्हता आणि आठवड्याभरात वॉचमनमामांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते, बऱ्याचदा आधी पोट बिघडलेलं असतं आणि मग काही दिवसांनी पायाला मुंग्या, पाय उचलत नाहीत, आणि ते वर वर सरकत जातं, काहींना श्वासाचं मशीन लागतं. पुणे आणि परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले आणि त्यातले खूपसे आमच्याच पट्ट्यातले, नांदेड, किरकटवाडी, धायरी. तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो. त्यामुळे सगळ्यांची नजर पाण्याकडे.

घाबरून लोक काय काय करत होते. आमच्या मजल्यावर तिघांनी २० लिटरचे जार सुरू केले आणि दोन आठवड्यांत बातमी आली की भागातले काही खाजगी आरओ प्लांटच बंद केलेत, मग ते जारही नकोसे झाले. पाणी उकळून उकळून माझा गॅस सिलेंडर तीन आठवड्यांत संपला. ग्रुपवर रोज शंभर मेसेज, कोणी म्हणे तुरटी फिरवा, कोणी म्हणे तांब्याच्या हंड्यात ठेवा की झालं. सासूबाई नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या, १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की पूर ओसरल्यावर नळ कोरडे होते, विहिरीचं आणि हौदाचं पाणी आणायचो आणि आई ते खळाखळा उकळल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही, तुरटीने गाळ बसतो गं, रोग बसत नाही. मला ते वाक्य फार पटलं.

२६ जानेवारीला रविवार होता. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि पार्किंगमध्येच मीटिंग बसली. सगळ्यांचं एकच चाललं होतं, तक्रार कुठे करायची, टँकर कोणाचा घ्यायचा, मोठा सॉफ्टनर बसवायचा का. बी विंगच्या तळमजल्यावर एक काका राहतात, मुलाकडे आलेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पुरंदर तालुक्यात गावाकडे ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम केलं त्यांनी, शेवटची काही वर्षं जलसुरक्षक होते. मीटिंगला कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी मागून उठून म्हणाले, "ते सगळं करा, पण आधी टाकीचं झाकण उघडून बघितलंत का कोणी?" कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "चला, आत्ता बघू."

माझी स्कूटी बाजूला काढली आणि दोघांनी पहार लावून झाकण उचललं. झाकणाच्या कडेला तडा होता, त्यातून गाड्या धुतलेलं पाणी सरळ आत जात असणार. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. भिंतीतून कडुनिंबाच्या मुळ्या आत आलेल्या, आणि तळाला गाळ किती तर अण्णांनी बांबू घातला तर वीतभर काळा होऊन वर आला. आणि ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून जेमतेम सहा-सात फुटांवर. मला मळमळलं, खरंच सांगते. ह्याच पाण्याने मी लेकीला आंघोळ घालत होते, कोथिंबीर धुवत होते.

अण्णा घरात गेले आणि एक छोटा डबा घेऊन आले, त्यात काचेची नळी, एक तपकिरी बाटली आणि रंगांची पट्टी. हाच क्लोरोस्कोप. गावाकडे प्रत्येक ग्रामपंचायतीत असतो म्हणाले, रोज ओटी घ्यायची असते. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन टेस्ट. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच पट्टीशी रंग जुळवून बघायचा. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. जितकं पिवळं तितकं क्लोरीन. घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी दिसलं पाहिजे, म्हणजे वाटेत कुठे घाण मिसळलीच तर तिला मारायला थोडं क्लोरीन शिल्लक आहे. टेस्ट केलेलं पाणी मोरीत ओतून द्यायचं आणि नळी आणि हात स्वच्छ धुवायचे, ते औषध पोटात जाण्यासारखं नाही, लहान मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही.

त्या दिवशी सगळ्यांच्या देखत तीन नळ्या भरल्या. मेन लाइनचं पाणी सुरू होतं, मीटरच्या पुढच्या नळाला छान पिवळं, ०.५. खालच्या टाकीतलं जेमतेम पिवळसर, ०.१ असेल. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी पांढरं स्वच्छ. दिसायला तीनही पाणी सारखंच, काचेसारखं.

आमच्याकडे गेटपर्यंत औषध टाकलेलं पाणी येत होतं आणि गेटपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या आमच्या स्वतःच्या टाक्यांमध्ये ते संपत होतं. गाळ, शेवाळ, मुळ्या, हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं आणि मग पाण्यात लढायला काही उरत नाही. मीटरच्या अलीकडे तक्रार करायला ऑफिस आहे, मीटरच्या पलीकडे आपणच आहोत. हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं, आणि हे मला शाळेत कळायला हवं होतं.

टाकी धुण्याचं काम पुढच्या शनिवार-रविवारी काढलं. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक घाई करतात आणि त्यात जीव जातो. आदल्या संध्याकाळी दोन्ही झाकणं उघडून ठेवली, सकाळी टेबलफॅन लावून हवा आत सोडली, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं सतत उभी, त्यांनी हलायचंच नाही. माणूस आत असताना क्लोरीनची पावडर अजिबात टाकायची नाही, बंद जागेत त्याचा वास छातीत बसतो. आम्ही हे काम अंगावर न घेता टाक्या साफ करणाऱ्या माणसांना बोलावलं पण दोर आणि पंख्यासाठी अण्णा अडून बसले, ती माणसं म्हणत होती काका रोज उतरतो आम्ही, अण्णा म्हणाले रोज उतरता म्हणूनच. गाळ काढला, भिंती घासल्या, धुतल्या, ते पाणी मड पंपाने बाहेर टाकलं, मुळ्या तोडून तडे प्लास्टरने बुजवले, ओव्हरफ्लोला जाळी, आणि नवीन झाकण रबरासकट, त्याला कुलूप. ड्रेनेजचं चेंबर आतून नव्याने प्लास्टर करून घेतलं आणि टाकीच्या झाकणाच्या भोवती चार इंचाचा कठडा. माझी स्कूटी आता भिंतीकडे लागते.

दोन दिवस बिल्डिंगमध्ये पाणी नव्हतं. समोरच्या सोसायटीने स्वतःहून त्यांच्या नळाला पाइप जोडून आमच्या गेटपर्यंत आणून दिला, आणि आमच्या विंगमधली कॉलेजची पोरं बादल्या घेऊन लिफ्टने वरखाली, आधी ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत तिथे. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी सगळ्या पोरांना थालीपीठं खाऊ घातली.

त्याच समोरच्या सोसायटीतला एक मुलगा, बारावीचा, तेव्हा आयसीयूमध्ये होता. जुलाब झाले, बरा झाला, आणि आठवड्याने जिना चढताना पाय लटपटायला लागले. नशीब की आमच्या बी विंगमध्ये एक ताई नर्स आहेत, त्याच्या आईने सहज त्यांना विचारलं आणि ताईंनी त्याला चवड्यांवर उभा राहा म्हटलं, जमेना, तर त्यांनी त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये हलवायला लावलं. जुलाबानंतर हातापायांना मुंग्या, जिना चढता न येणं, हातातून वस्तू पडणं, चेहरा एका बाजूला ढिला वाटणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका असं ताई सगळ्यांना सांगत फिरल्या. त्याला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटीबॉडीजचं औषध दिलं, त्याचा डोस वजनावर ठरतो आणि एकेका बाटलीची किंमत हजारांत, एका दिवसाला कितीतरी बाटल्या. त्यावेळी आमच्याकडचे विमा कंपनीत काम केलेले एक दादा तीन रात्री त्याच्या वडिलांबरोबर कागदपत्रं घेऊन बसले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा आजार बसतो हे त्यांनीच आणखी दोन कुटुंबांना सांगितलं, त्या लोकांना माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला काही दिवस कोणी खेळायला घेईना. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, शेजारी बसून होत नाही, एकत्र जेवून होत नाही. ताईंनी पार्किंगमध्ये सगळ्या आयांना उभं करून हे सांगितलं आणि मग स्वतः त्या मुलीला कडेवर घेऊन बसल्या. मीही त्या आयांमध्ये होते आणि मीही दोन दिवस लेकीला खाली पाठवलं नव्हतं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मुलगा मार्चमध्ये घरी आला, वॉकर घेऊन आमच्या दोन सोसायट्यांच्या मधल्या रस्त्यावर चालायचा, आणि जून-जुलैत त्याने पुरवणी परीक्षा दिली.

आता रोजचं कसं चालतं ते. सकाळी पाणी सुटलं की पहिली पाच मिनिटं ते बागेला सोडतो, टाकीत घेत नाही. कारण पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो आणि जिथे जॉइंट ढिला असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, ते पहिल्या धारेबरोबर येतं. मग चार ठिकाणची ओटी. टँकर आला तर त्याची वेगळी, पाइप टाकीत सोडायच्या आधी. सुरुवातीला टँकरचा ड्रायव्हर चिडायचा, ताई मला अजून चार खेपा आहेत, त्याचंही बरोबर आहे, त्याचा दिवस खेपांवर चालतो. मग आम्ही बाटली आणि नळी गेटवरच ठेवली आणि वॉचमनमामांना शिकवलं, आता एका मिनिटात होतं. पांढरं आलं तर पाणी परत पाठवत नाही, कारण मे महिन्यात परत पाठवून प्यायचं काय, पण मग टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं गणित लावतो. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे १० हजारांच्या टँकरला ५० ग्रॅम. पावडर सरळ टाकीत भिरकावायची नाही, प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं, अर्धा तास मोटर लावायची नाही, आणि मग परत ओटी. टीसीएल ताजी हवी, उघडी राहिली की क्लोरीन उडून जातं आणि आपण नुसता चुना टाकत बसतो, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात.

घरात फिल्टर आहे मग कशाला, हे खूप जण विचारतात. फिल्टरमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे फिल्टरच्या पाण्याची ओटी घेतली तर पांढरीच येणार, घाबरू नका, ओटी साध्या नळाची घ्यायची. पण म्हणूनच फिल्टरचं पाणी हंड्यात तीन-तीन दिवस साठवून ठेवू नका, त्यात बचावाला काही उरलेलं नसतं. आणि दात घासायचं, भाजी धुवायचं, चटणीचा पुदिना धुवायचं पाणी कोणत्या घरात फिल्टरचं असतं? दुसरं म्हणजे नळाला थोडा औषधाचा वास आला की लोक ग्रुपवर पाणी खराब म्हणून टाकायचे. तो वास येतोय म्हणजे पाण्याला राखण आहे.

शंका आली तर जंतूंची तपासणी करून घेता येते, राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे. फक्त घरची बाटली भरून नेऊ नका, निर्जंतुक केलेली बाटली लागते, तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच असतं आणि नमुना थंड ठेवून लवकर पोचवायचा असतो, त्यामुळे आधी विचारून बाटली घ्या. अण्णांच्या गावाकडे तर पाण्याच्या जागेची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतात. आमची टाकी त्या दिवशी लालच होती म्हणाले.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई नांदेडच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहतात, तिथे टाकीच नाही, एक निळा ड्रम आणि चार कळश्या. फेब्रुवारीत एक दिवस त्या वही बघत म्हणाल्या, वहिनी, आमचं पण बघता का. बाटलीत पाणी आणलं त्यांनी, ओटी घेतली तर पांढरं. मी आणि अण्णांच्या सूनबाई त्यांच्या चाळीत गेलो. तिथे ज्यांनी त्यांनी ड्रममध्ये हात घालून तांब्या बुडवायचा. अण्णांनी सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे प्रत्येक घरी लांब दांड्याचं ओगराळं घेऊन दिलं, ड्रमला झाकण, आणि क्लोरीनच्या थेंबांची बाटली, तिच्यावर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबायचं. सोसायटीत वर्गणी काढली त्यासाठी, कोणी नाही म्हटलं नाही. आता त्या चाळीतली सातवीतली एक मुलगी ओटी घेते, तिची वही आमच्या वहीपेक्षा नेटकी आहे.

आज पहिला दिवस म्हणून मी पावणेसातलाच खाली गेले. मेन लाइन ०.५. खालची टाकी ०.२. ए विंगची वरची टाकी ०.२. बी विंगची वरची, पांढरं. दोनदा घेतली, पांढरंच. अण्णांना फोन केला तर म्हणाले झाकण बघ आधी. जिना चढून गेले तर रात्रीच्या वाऱ्याने झाकण सरकलेलं आणि कबुतरं कठड्यावर बसलेली, आत दोन पिसं. बी विंगच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय की दुपारपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या, टाकी धुवायला माणूस अकराला येतोय. झाकणाला दोन्हीकडून तार बांधायला हवी, ती घ्यायला आता हार्डवेअरच्या दुकानात निघालेय.